पुरंदर साधलेले मिर्झाराजे विजापुरात का अडले?

प्रश्न असा आहे: पुण्यात पाय ठेवल्यापासून शंभर दिवसांत शिवाजी महाराजांना तहाला आणणारे मिर्झाराजे जयसिंग त्याच वर्षाच्या शेवटी विजापूरजवळ पोहोचले आणि आठवडाभरात माघारी फिरले. हे कसे? त्यांच्या आधीच्या कारकिर्दीत याचे उत्तर सापडते का?

सापडते. फक्त आपल्याकडे मिर्झाराजांची ओळख मार्च १६६५ मध्ये सुरू होते आणि आग्र्याच्या सुटकेला संपते, ती सवय सोडावी लागते. पुण्याला आले तेव्हा ते ५३ वर्षांचे होते आणि चाळीस वर्षांची नोकरी त्यांच्या पाठीशी होती. त्या नोकरीत त्यांचा हातखंडा एकाच गोष्टीत होता: लढाईला तोंड लागण्याआधी समोरच्याचे मित्र, पैसा आणि वाटा तोडायच्या. पुरंदरला हे सगळे जमून आले. विजापूरला त्यातले निम्मेच जमले आणि उरलेल्याची जागा घाईने घेतली.

आधी माणूस पाहू. जन्म १६११, आमेरचे कछवाहा घराणे. अकबराच्या राजा मानसिंगांचे ते पणतू. वडील महासिंग १६१७ मध्ये दख्खनेतच, बाळापूरला वारले. गादी मधल्या काळात भावसिंगांकडे होती. १६२१ मध्ये ते निपुत्रिक गेले आणि दहा वर्षांचे जयसिंग राजा झाले. राजा झाले म्हणजे बादशहाचे नोकरही झाले, कारण मोगलाईत या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. आमेर ही वतन जहागीर, म्हणजे घरची, बदली न होणारी. बाकीच्या जहागिऱ्या मनसबीच्या पगारापोटी मिळत आणि दर काही वर्षांनी बदलत.

मनसब समजल्याशिवाय या सेनापतीचे वागणे कळत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. मनसब म्हणजे बादशहाने दिलेला हुद्दा. तिला दोन आकडे असत. ‘जात’ म्हणजे सरदाराचा स्वतःचा दर्जा आणि पगार. ‘स्वार’ म्हणजे त्याने किती घोडदळ पाळायचे याचा आकडा. एका स्वाराचा दर वर्षाला ८,००० दाम. ४० दामांचा रुपया धरला तर २०० रुपये. ‘दुअस्पा-सिहअस्पा’ हा शेरा मिळाला की दर दुप्पट आणि पाळायची माणसेही दुप्पट. पुरंदरनंतर मिर्झाराजांची मनसब ७,००० जात, ७,००० स्वार, सगळे दुअस्पा-सिहअस्पा अशी झाली. शहजादे सोडले तर याच्या वर कोणी सरदार सहसा जात नसे. हिशेब करा: ७,००० गुणिले १६,००० म्हणजे ११ कोटी २० लाख दाम, म्हणजे २८ लाख रुपये. त्यात जातीचे साडेतीन लाख. कागदावर वर्षाला साडेएकतीस लाख रुपये.

कागदावर, कारण जहागिरीचा वसूल बारा महिन्यांच्या हिशेबाने क्वचितच हाती येई. दख्खनेतल्या कित्येक जहागिऱ्या सहा महिन्यांच्या, काही तर चार महिन्यांच्या पगाराइतक्याच उतरत. म्हणून शाहजहानने नियमच करून टाकला होता: जहागीर ज्या सुभ्यात तिथेच नोकरी असेल तर आकड्याच्या एक तृतीयांश स्वार हजर करायचे, दुसऱ्या सुभ्यात असाल तर एक चतुर्थांश, बल्खसारख्या लांबच्या मोहिमेवर एक पंचमांश. म्हणजे ‘सात हजारी’ मिर्झाराजांना दख्खनेत स्वतःचे साधारण साडेतीन हजार स्वार दाखवणे भाग होते: ७,००० चा चौथा हिस्सा १,७५०, तो दुप्पट. बखरीत किंवा कादंबरीत ‘सात हजारी’ वाचून कोणी सात हजार घोडा डोळ्यांसमोर आणतो, तिथे पहिली चूक होते. उरलेले सैन्य इतर मनसबदारांचे, आणि त्यातला प्रत्येक जण थेट बादशहाला बांधलेला. सेनापतीने त्यांना हुकूम द्यायचा, पण त्यांची बढती-बडतर्फी दिल्लीहून. याचा त्रास पुरंदरच्या पायथ्याशीही झाला आणि विजापूरच्या वाटेवरही.

तरुणपणीच्या मोहिमा भराभर सांगतो. १६२८ मध्ये शाहजहान तख्तावर येताच त्याच्या बाजूला. मग बंडखोर खान जहान लोदीचा पाठलाग, परांड्याचा वेढा. म्हणजे मराठी मुलुखाची वैरण-पाण्याची जाण त्यांना पुरंदरच्या तीस वर्षे आधीच आली होती. १६३९ मध्ये ‘मिर्झाराजा’ हा किताब. १६४१-४२ मध्ये पंजाबच्या डोंगरात नूरपूरच्या जगतसिंगाविरुद्ध मऊच्या किल्ल्यावर जंगल तोडत हातहात पुढे सरकण्याचे काम.

ताजमहालाशीही त्यांचा संबंध आहे. जमीन त्यांच्या घराण्याची होती. बदल्यात आग्र्यातल्या चार हवेल्या मिळाल्याचे १६३३ चे फर्मान आहे. मकराण्याच्या संगमरवरासाठी गाड्या जमवून द्या, आमेर-राजनगरला पाथरवट अडवून ठेवू नका, अशी फर्मानेही त्यांच्याच नावाने आहेत. बादशाही सरदार म्हणजे गाड्या, बैल आणि माणसे जमवणारा कारभारी, हे त्या फर्मानांत जेवढे स्पष्ट दिसते तेवढे कुठल्याही लढाईच्या वर्णनात दिसत नाही.

बल्ख आणि कंदाहार मात्र सोडता येणार नाही. १६४७ मध्ये ते औरंगजेबाबरोबर बल्खला होते. १६४९, १६५२ आणि १६५३ या तिन्ही वर्षी कंदाहारसमोर. तिन्ही वेढे फसले. १६४९ चा फसला तो मुख्यतः एका कारणाने: किल्ल्याची भिंत पाडतील अशा मोठ्या तोफा बरोबर नव्हत्या. हिवाळा जवळ आला, दाणागोटा संपत आला आणि फौज उठली. ही गोष्ट लक्षात ठेवा, विजापूरला लागेल.

शाहजहानच्या दारा, शुजा, औरंगजेब या मुलांमधल्या वारसायुद्धात मिर्झाराजांचा खरा हात दिसतो. फेब्रुवारी १६५८ मध्ये बनारसजवळ बहादूरपूरला दाराचा मुलगा सुलेमान शिकोह याच्याबरोबर त्यांनी शुजाला पहाटे छावणीतच गाठून उधळले. पण मेमध्ये सामूगढला दारा हरल्याची बातमी येताच त्यांनी सुलेमानला सोडले आणि औरंगजेबाला जाऊन मिळाले. पुढच्या वर्षी अजमेरजवळ देवराईच्या लढाईआधी जोधपूरचा जसवंतसिंग दाराला मिळणार होता. मिर्झाराजांनी पत्रे लिहून, माफीची हमी देऊन त्याला घरी बसवले. दारा लढाईआधीच निम्मा हरला. सुलेमान गढवालच्या राजाकडे लपला होता, तोही बोलणी, धाक आणि त्या राजाच्या मुलाला दाखवलेले आमिष यांतून १६६० च्या अखेरीस हाती आला. या सगळ्यात तलवार किती चालली? फार थोडी. नीतीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारायलाच हवा. पण औरंगजेबाने शायिस्ताखान आणि जसवंतसिंगानंतर दख्खनेला कोणाला पाठवले आणि का, याचे उत्तर इथे आहे.

३० सप्टेंबर १६६४ ला नेमणूक झाली. १९ जानेवारीला बुऱ्हाणपूर, १० फेब्रुवारीला औरंगाबाद, ३ मार्च १६६५ ला पुणे. या तारखा तेव्हाच्या इंग्रजी जुन्या पंचांगाप्रमाणे आहेत. ग्रेगोरियन तारखा दहा दिवसांनी पुढे येतात. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या तर आधी हे तपासा.

पुण्याला पोहोचण्याआधीच काम सुरू झाले होते. गोव्याच्या पोर्तुगीजांना पत्रे, जंजिऱ्याच्या सिद्दीला पत्रे, जव्हार आणि रामनगरच्या राजांकडे वकील. त्या कामावर त्यांच्या तोफखान्यातला व्हेनिसचा निकोलाव मनुची होता. जावळीच्या मोऱ्यांचे भाऊबंद, अफजलखानाचा मुलगा फाजलखान, ज्याचे ज्याचे महाराजांशी वैर त्या प्रत्येकाला निरोप गेला. विजापूरकरांनाही आशेवर ठेवले: आत्ता मदत केलीत तर खंडणीचे पाहू. दुसरीकडे बादशहाकडे त्यांनी हट्ट धरला की लढणारा एक आणि मुलकी कारभार, बढत्या, किल्लेदारांच्या नेमणुका दुसऱ्याकडे, असे चालणार नाही. औरंगजेबासारख्या संशयी माणसाने हे मान्य केले, याचेच नवल वाटते.

मग तळाची जागा. कोकणात उतरायचे की घाटावर राहायचे? त्यांनी सासवड निवडले. तिथून पुरंदर दोन-तीन कोसांवर, राजगड-सिंहगडाचा मुलूख हाताशी, आणि विजापूरकडून कोणी मदतीला आलेच तर मधे आपणच बसलेले. मागची बाजू आधी बांधून घेतली: जुन्नरच्या अंगाला कुतुबुद्दीनखान ७,००० स्वारांनिशी लोहगडावर नजर ठेवायला, पुण्यात ४,००० ची शिबंदी. मार्चअखेर दिलेरखानाने पुरंदरला मोर्चे लावले.

पुरंदर पाहिलेल्याला हे चटकन कळेल. वर बालेकिल्ला, खाली माची, आणि पूर्वेला भैरवखिंडीपलीकडे वज्रगड. वज्रगडावर तोफ चढली की माची तिच्या तोंडात येते. म्हणून आधी वज्रगड. चढ असा की एकेक मोठी तोफ वर ओढून बसवायला तीन-साडेतीन दिवस लागले. बुरुजाचा पाया ढासळला आणि १४ एप्रिलला वज्रगड पडला. पुढची चाल मिर्झाराजांची खास आहे: शरण आलेल्यांची हत्यारे काढून घेतली, नाईकांना वस्त्रे दिली आणि सगळ्यांना घरी सोडले. पुरंदरच्या तटावरून हे दिसत होते आणि ते दिसावे म्हणूनच केले होते.

तरी पुरंदर पडला नाही. मुरारबाजी देशपांडे पडले, शिबंदी हटली नाही. मोगल छावणीत भांडणे सुरू झाली. दाऊदखान कुरेशी किल्ल्याच्या खिडकीसमोर, म्हणजे चोरदरवाजासमोर पहाऱ्याला होता. त्याच्या डोळ्यांदेखत मराठ्यांची एक तुकडी त्या खिडकीतून आत गेली. दिलेरखानाने त्याला फैलावर घेतले, दोघांचे बिनसले. मिर्झाराजांनी निवाडा केलाच नाही. एप्रिलच्या शेवटी दाऊदखानाला सहा-सात हजार स्वार देऊन राजगड, सिंहगड, रोहिड्याच्या मुलुखात गावे जाळायला पाठवून दिले. रोहिड्याच्या बाजूला पन्नासेक गावे बेचिराख झाली. रयतेवर कोसळलेले हे संकट एका छावणीतल्या भांडणावरचा तोडगाही होते. सेनापतीपदाचे हे अंग फारसे कोणी लिहीत नाही.

मे महिन्यात माचीच्या पांढऱ्या बुरुजासमोर लाकडी दमदमा उभा राहिला, म्हणजे ओंडके-फळ्या रचून केलेला उंच मंच, तटाच्या उंचीवरून मारा करता यावा म्हणून. वरून मराठे दारूच्या पिशव्या, दगड, पेटते गोळे टाकत होते. जूनच्या सुरुवातीपर्यंत माचीचे पाच बुरूज मोगलांकडे आले. आत सुमारे ७,००० माणसे, त्यांतली ४,००० लढणारी, बाकीची कुटुंबे. मराठा सरदारांची बायकामुले गडावर होती. महाराजांनी तह का केला याचे सगळ्यात मोठे कारण मला हेच वाटते, तोफा त्यानंतर.

११ जूनला भेट झाली. डेऱ्यातून पुरंदर दिसत होता. महाराज येताच ठरलेली खूण झाली आणि दिलेरखान व मिर्झाराजांचा मुलगा कीरतसिंग यांनी बोलणी चालू असताना चढाई केली. तह ठरला तो असा: एकूण ३५ पैकी २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख बादशहाला, १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख महाराजांकडे. संभाजीराजांना पाच हजारी मनसब. महाराजांना स्वतः दरबारी हजेरी माफ. शिवाय विजापूरकरांचे तळकोकण (४ लाख होन) आणि बालाघाट (५ लाख होन) महाराजांनी घ्यावे, त्याबद्दल बादशहाला ४० लाख होन १३ वार्षिक हप्त्यांत द्यावे. एक होन साधारण पाच रुपये धरा, म्हणजे दोन कोटी. हे शेवटचे कलम मला सगळ्यात हुशारीचे वाटते. मुलूख अजून जिंकलेलाच नाही, तो तिसऱ्याचा, आणि तो घेण्याच्या नादात महाराज व आदिलशाही यांचे कायमचे वैर.

दिलेरखान चिडला, किल्ला आपण पाडला आणि श्रेय बोलण्यांनी नेले म्हणून. मिर्झाराजांनी दुसऱ्या दिवशी महाराजांनाच त्याच्या भेटीला पाठवले. खानाला मान मिळाला, तो निवळला.

आता विजापूर. तयारी तशीच सुरू झाली. आदिलशाहीचा दुसऱ्या क्रमांकाचा सरदार मुल्ला अहमद वकील म्हणून आला, त्याला सहा हजारी मनसब देऊन फोडले. पण हा माणूस डिसेंबरात अहमदनगरला मेला आणि त्याच्याबरोबर आतल्या फितुरीची आशाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुमारे ४०,००० ची बादशाही फौज पुरंदरहून निघाली. महाराज बरोबर होते, नेतोजी पालकरांच्या हाताखाली २,००० स्वार आणि ७,००० पायदळ. फलटण, ताथवडा, खटाव, मंगळवेढा भराभर पडले. किंबहुना त्या वेगानेच घात केला. अली आदिलशहा गोंधळला आहे, धडक मारली तर राजधानी सापडेल, या हिशेबाने किल्लेपाडू तोफा परांड्यालाच राहिल्या. कंदाहारचे तीन वेढे पाहिलेल्या सेनापतीने हे करावे!

२९ डिसेंबरला ते विजापूरपासून सहा कोसांवर होते. समोर काय होते? राजधानीभोवतीची तीन कोसांची जमीन विजापूरकरांनी स्वतःच उजाड केली होती: तलाव फोडलेले, विहिरी विषारी किंवा बुजवलेल्या, झाडे तोडलेली. तटावर जादा शिबंदी, आणि विजापूरचा सरदार सर्जाखान मोगल मुलुखात घुसून रसदेच्या मागावर. चाळीस हजारांच्या फौजेत माणसांपेक्षा जनावरे जास्त असतात, घोडे, हत्ती, उंट, लमाणांचे बैल. पाणी नसेल तर अशी फौज चार दिवसांपलीकडे उभी राहत नाही. ५ जानेवारी १६६६ ला माघार सुरू झाली.

माघारीत बाकीचे दुवे निखळले. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाने विजापूरला मदत म्हणून १२,००० घोडदळ आणि ४०,००० पायदळ पाठवल्याचे सांगतात. जानेवारीच्या मध्यावर महाराजांचा पन्हाळ्यावरचा छापा फसला, हजारभर माणसे गेली. त्यानंतर नेतोजी ४ लाख होनांवर विजापूरकरांकडे गेले. मिर्झाराजांनी मार्चमध्ये त्यांना ५,००० ची मनसब आणि ३८,००० रुपये रोख देऊन परत ओढले. महाराज फौजेत राहिले तर आणखी काय होईल या धास्तीने त्यांना आग्र्याला जायला राजी केले, ते मोठी हमी देऊनच. मुलगा रामसिंग दरबारी जामीन. म्हणजे आग्र्याचा प्रसंग हा विजापूरच्या अपयशाचा थेट परिणाम आहे. आपण तो पुरंदरच्या तहाला जोडतो, तिथे मधले सात-आठ महिने गळतात.

पैशाचे पाहा. या मोहिमेवर खजिन्यातून ३० लाख आणि मिर्झाराजांच्या पदरचे १ कोटी रुपये गेले असा आकडा दिला जातो. वर काढलेल्या कागदी पगाराशी ताडून पाहा: तीन वर्षांहून जास्त, तेही पूर्ण वसूल झाला तर. किल्ला पडला असता तर लुटीतून, खंडणीतून, नव्या जहागिरीतून भरपाई झाली असती. नाही पडला, म्हणून बादशहा हात झटकून मोकळा. पुरंदरला हीच पद्धत खपून गेली, कारण मोहीम तीन महिन्यांत आटोपली.

महाराज १७ ऑगस्ट १६६६ ला आग्र्याहून निसटले. रामसिंगाची मनसब काढून त्याला दरबार बंद झाला. आपल्या शब्दाच्या जोरावर चाळीस वर्षे माणसे फोडलेल्या मिर्झाराजांचा शब्द आता दोन्हीकडे पडला. याच काळात त्यांनी वजीर जाफरखानाला लिहिलेल्या पत्रात महाराजांना सोयरिकीच्या बोलण्याने जवळ बोलावून पकडण्याचा बेत मांडला आहे. मिर्झाराजांना केवळ उदार राजपूत म्हणून रंगवणाऱ्यांनी हे पत्र वाचावे. ते त्यांच्या मुनशी उदयराजाने जमवलेल्या फारसी पत्रसंग्रहात आहे. उलट, महाराजांनी मिर्झाराजांना लिहिलेले म्हणून फिरणारे जे फारसी काव्यपत्र आहे, त्याच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांना शंका आहे. त्यावर युक्तिवाद उभारू नका.

१६६७ च्या वसंतात परत बोलावणे आले, जागी शहजादा मुअज्जम. त्याच पावसाळ्यात उत्तरेकडे जाताना बुऱ्हाणपूरला ते वारले. तापीकाठी त्यांची छत्री आहे. विषप्रयोगाची वदंता तेव्हापासून आहे, कधी उदयराजावर तर कधी कीरतसिंगावर बोट, पण पुरावा असा नाही. खचलेली प्रकृती आणि बुडालेला पैसा एवढे मात्र पत्रांत दिसते. बाप गेल्यावर रामसिंगाला ४,००० ची मनसब देऊन माफ केले गेले आणि लगोलग आसामच्या मोहिमेवर धाडले गेले, जिथे १६७१ मध्ये सराईघाटला त्याचा अहोमांकडून पराभव झाला.